नवरा-नवरीमधली फट

आफ्रिकेतल्या टांगा शहराबाहेरच्या चुनखडीच्या गुहेत शेम्बिलू कंदील धरून पाहुण्यांना फिरवायचा. दगडांचे आकार दाखवत म्हणायचा, ही मगर, हा सोफा, ही माझी सासू.

"सासू कशावरून?"

"टपटप थांबतच नाही हिची!"

बायको कधी नव्हतीच, तर सासू कुठली! पण जिभेला हाड नाही. लग्नाचा विषय निघाला की मात्र याची दातखीळ बसायची.

गुहेच्या तोंडाशी माशावूबाई चहा आणि मांदाझी, म्हणजे गरम तळलेले गोड पाव, विकायच्या. विधवा बाई, भलत्या ठसकेबाज. दोघांच्या जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं. म्हणजे दिसेल तिथे एकमेकांची टर उडवायची, अगदी मयतालासुद्धा सोडायचं नाही, आणि कुणी काही मनावर घ्यायचं नाही.

एकदा शेम्बिलूनं धीर करून लग्नाचं विचारलंच. माशावूबाई तळता तळता म्हणाल्या, "तुमचे ते नवरा-नवरी टेकू देत आधी. मग बघू आपलं!"

नवरा म्हणजे छताला लोंबणारा दगडी सुळका आणि नवरी त्याच्याखाली जमिनीतून वर आलेला खुंट. मध्ये बोटभर फट. आणि हे येडं ते मनावर घेऊन बसलं की हो!

रोज सकाळी जाऊन फट बघायची. पाहुण्यांना सांगायचं, "पाणी डोंगरातून झिरपताना चुना विरघळवून आणतं. थेंब खाली पडताना वर थोडा ठेवतो, खाली थोडा ठेवतो. माशावूबाईंच्या किटलीत पांढरा थर बसतो ना, तस्सं." कुणी बोट लावलं की हा खेकसायचा, "हात मागे! हाताचं तेल लागलं की चुना धरत नाही. माझं लग्न मोडाल!"

किटलीत थरावर थर चढले. शेम्बिलूचे केस पिकले. फट जिथल्या तिथे. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि गुहेतल्या पायऱ्या उतरणं जमेना. आता काम सुटणार, चहाही सुटणार आणि माशावूबाईही.

त्यानं काय करावं? घरी मक्याच्या पिठाची घट्ट, पांढरीशुभ्र उगाली शिजवली, कसंबसं पायऱ्या उतरून ती फटीत लिंपून टाकली. मग हाक मारली, "माशावूबाई, टेकले हो!"

बाई कमरेभोवती गुंडाळलेला रंगीत कांगा सावरत आत आल्या, कंदील वर धरला. नवऱ्याच्या हनुवटीखाली एक झुरळ निवांत जेवत होतं. बाईंनी दुसऱ्या बाजूचा तुकडा काढून चक्क तोंडात टाकला.

"शी! नुसत्या गुठळ्या! इतकी वर्षं हेच गिळताय?"

"तुमची अट होती ना..." शेम्बिलू खाली मान घालून पुटपुटला.

"अट?" बाईंनी कंदील खाली ठेवला. "अहो, थट्टा होती ती! आपल्यात दुसरं काय बोलतात? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचाराल म्हणून नवा कांगा नेसून आले होते मी. आणि तुम्ही बसलात मेले दगडाकडे बघत!"

शेम्बिलूनं कुरकुरत्या गुडघ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि विचारलं, "करता का लग्न?"

"करते. आधी ते लिंपण काढा. त्या दोघांना कसली घाई नाही."

"आणि झुरळ?"

"जेवू दे त्याला. आपल्या वऱ्हाडातलं आहे."