एकाच ताग्यातलं कापड

राईहून मावशीने पाठवलेलं डाळिंबी सॅटिन आईने पलंगावर उलगडलं, तेव्हा मी तिला म्हणाले की हे परत पाठव.

राई आईचं माहेर. भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरातून निघून पश्चिमेला उत्तनची बस धरली, की अर्ध्या तासात माणूस तिथे पोचतो. आई मात्र माझ्या जन्माच्या आधीपासून त्या घराची पायरी चढली नव्हती. तिने दुसऱ्या जातीच्या माणसाशी, म्हणजे माझ्या बाबांशी, लग्न केलं आणि आजोबांनी जाहीर केलं की ही लेक आम्हाला मेली. दोघं भेटले होते ते चळवळीची पत्रकं वाटताना. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. माळ्यावर गठ्ठे, पलंगाखाली गठ्ठे. आई घरी शिवणकाम करायची आणि ब्लाउजचं कागदी कटिंगसुद्धा उरलेल्या पत्रकांवरच काढायची. मी अक्षरं शिकले ती त्या बाह्यांच्या मुंढ्यांवरची आणि गळ्यांवरची.

गेल्या वर्षी आजोबा गेले. आता मोठ्या मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या घरात रीत अशी की हळदीला घरच्या सगळ्या लेकीसुनांनी एकाच ताग्यातल्या कापडाचा ब्लाउज घालायचा, एकाच नमुन्याचा. ज्या बाईला कापड आलं ती घरची. ज्या बाईला आलं नाही तिने जेवून जावं. आईला कापड आलं होतं.

मी म्हणाले, "तुला मेलेली म्हणणाऱ्यांकडे तू नटून जाणार? माफी मागितली का कुणी?"

आई म्हणाली, "कापड पाठवलंय ना."

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. एक मीटर सॅटिन म्हणजे माफी नव्हे. बाबांकडे बघितलं तर ते चष्मा पुसत म्हणाले की माहेर तिचं आहे, ती ठरवेल. आई तोवर फोनवर मावशीने पाठवलेला नमुन्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होती. पाठीवर गळ्याखाली कमानीसारख्या तीन पट्ट्या, बाहीच्या कडेला दोन. पट्ट्या त्याच कापडाच्या, पण उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या. सॅटिन तिरपं कापलं की त्याची चमक बदलते आणि एकाच रंगात दोन रंग दिसतात. आईने हे मला तीनदा समजावलं.

समजावणं भाग होतं, कारण शिवायचं मला होतं. दीड महिन्यापूर्वी ती बाजारात घसरून पडली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी बोटं कात्रीच्या कड्यात मिटत नव्हती. बाहेर शिंप्याकडे द्यायला ती तयार नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचं शिवलं, आता या एका ब्लाउजसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊ का, असं तिचं म्हणणं. मी तिच्याकडून शिकलेली, सुती कापड बरं शिवणारी. सॅटिनला मी कधी कात्री लावली नव्हती. ते टेबलावर ठरत नाही, टाचणीसुद्धा खूण सोडते.

हळदीला आठ दिवस होते. आई व्यायामासाठी दवाखान्यात जायला निघाली आणि दारातून म्हणाली, "सगळे भाग एकाच दिशेने ठेव. उलटसुलट ठेवू नकोस."

मी विचारलं, "का?"

"सॅटिनला तसंच असतं."

आमच्या घरात मला पहिलं काही शिकवलं असेल तर हे, की कारण सांगितल्याशिवाय नियम मानायचा नाही. ते तिनेच शिकवलेलं. ती गेल्यावर मी कापड पसरलं, कागदी कटिंग ठेवून बघितलं. आई अंगाने भरलेली. पुढचे दोन भाग, बाह्या आणि पाठ एकाच दिशेने ठेवले तर उरेब पट्ट्यांसाठी हवा तो चौकोन उरेना. पाठीचा कागद उलटा फिरवला, डोकं खाली, तर सगळं चपखल बसलं आणि कोपऱ्यात ऐसपैस चौकोन मोकळा राहिला. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. मी कापलं.

त्या दुपारी खांदे जोडले आणि ब्लाउज हँगरला लावून खिडकीत टांगला. मग चहा घेऊन वळले तर पाठ वेगळ्याच रंगाची. पुढून डाळिंबी आणि मागून विटकरी, जुन्या डागासारखी. मी हँगर फिरवला. आता पाठ उजळली आणि पुढचे भाग काळवंडले. दिवा लावून बघितलं, दिवा बंद करून बघितलं, आतल्या खोलीत नेलं. फरक तसाच. कारण होतं तर. आईला ते शब्दात सांगता आलं नव्हतं एवढंच.

त्या चौकोनातून पाठ पुन्हा कापता येत होती. पण मग पट्ट्यांना कापड नव्हतं. चुकलेली पाठ टाचण्यांनी आणि टाक्यांनी जागोजाग टोचली गेली होती, तिच्या पट्ट्यांवर ती भोकं दिसली असती. पट्ट्यांशिवाय ब्लाउज म्हणजे त्या ओळीत एकटी वेगळी बाई.

मी ब्लाउज पिशवीत कोंबला. आई आली, म्हणाली दाखव. मी म्हणाले पुरा झाल्यावर बघ. ती हसून म्हणाली, "बरं बाई, मालकीणबाई." मग रबरी चेंडू दाबत बसली. शेजारच्या काकू आल्या, तर त्यांना फोटो दाखवून म्हणाली, एकाच ताग्यातलं आहे, माझ्या वहिनीने सगळ्यांना मोजून घेतलं. मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. सभेत बोलतानाही नाही. मी पिशवी पलंगाखाली गठ्ठ्यांच्या मागे ढकलली.

पुढचे दोन दिवस मी कापडाचा तुकडा मुठीत धरून भाईंदरची मॅचिंगची दुकानं फिरले. एका दुकानदाराने तुकडा दारात नेऊन उन्हात धरला आणि म्हणाला, "बेन, सेम नहीं मिलेगा. लॉट अलग, कलर अलग." दुसऱ्याने दिलेलं कापड घरी आणून लावलं तर ते जांभळ्याकडे झुकत होतं. हळदीला पाच दिवस उरले. रात्री डोळा लागला की मला बायकांची ओळ दिसे आणि सगळ्या मान वळवून आईच्या पाठीकडे बघत असत.

ज्या दारात आईनेही जाऊ नये असं मी छातीठोकपणे म्हणाले होते, त्याच्या शेजारच्या गल्लीत चौथ्या दिवशी सकाळी मी उभी होते. मावशीचं सासर राईतच. आईची ही मोठी बहीण एवढ्या वर्षांत तीनचारदा आम्हाला भेटली असेल, तीही बाजाराच्या निमित्ताने, घाईघाईत. ती ओटीवर लग्नाचे तांदूळ निवडत होती. मला बघून तिने आधी गल्लीत कोण आहे ते पाहिलं आणि मला मागच्या पडवीत नेलं.

"बापासारकी भांडाला आलीस का?" तिने विचारलं.

मी पिशवीतून ब्लाउज काढून तिच्यापुढे धरला. काही बोलावं लागलं नाही. तिने तो उजेडात फिरवला आणि कपाळावर हात मारला. मी म्हणाले, सगळी चूक माझी, आईला ठाऊक नाही. शिंप्याकडे ताग्यातलं काही उरलं असेल तर द्या. नाहीतर तुमच्या ब्लाउजमधून उरलेलं चालेल, मला पट्ट्यांपुरतंच हवंय.

"तागा सपला," ती म्हणाली. "आन माजा बलाऊज न्हाय."

मला वाटलं अजून शिवून आला नसेल. तसं मी विचारलं. मग तिने जे सांगितलं ते सरळ सांगितलं. मामीने कापड मोजून घेतलं तेव्हा आईला त्यात धरलंच नव्हतं. मामा म्हणाले, जेवायला बोलवू, तेवढं बस झालं. मावशीने स्वतःच्या वाटणीचं कापड आईला पाठवलं होतं. विचारलं तर सांगणार होती की शिंप्याने बिघडवलं.

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे एक पत्रक तयार झालं. मामांच्या दारावर चिकटवावं असं. मी म्हणाले, मी आत्ता मामांकडे जाते. आणि आईला सांगते, हा अपमान आहे, तिने यायचंच नाही.

मावशीने माझं मनगट धरलं. "तू बोललीस त ती येवाची न्हाय. ती न्हाय आली त परत तिला कोन बोलवनार न्हाय. मी हाय तवर एकदा येऊ दे तिला. मना वचन दे."

मी वचनं देत नाही. शपथा, नवस, वचनं, या सगळ्याला आमच्या घरी हसतात. तिला दिलं, कारण ती माझं मनगट सोडत नव्हती.

मग तिने कपाटावरून एक पिशवी काढली. शिंप्याकडून मागून आणलेलं कातरण, सगळ्या बायकांच्या ब्लाउजांचं, गोधडीला लावायला ठेवलेलं. वीतभर, चार बोटं, त्रिकोणी, वाकडे. सगळे त्याच डाळिंबीचे. उरेब पट्टी तुकडे जोडून करता येते, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

उरलेल्या चौकोनातून मी पाठ नव्याने कापली. आता दिशा चारदा तपासली. कातरणाचे तुकडे तिरपे कापून टोकाला टोक जोडत गेले. एकेक जोड नखाने दाबायचा, पातळ कापड वर ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, कारण सॅटिनवर थेट इस्त्री ठेवली की ते भाजल्यासारखं चकाकतं. पट्टी कमानीवर बसवताना ओढली तर चुणी पडते आणि सैल सोडली तर फुगते. प्रत्येक टाक्याला मला वाटे की हा तुकडा मामीच्या बाहीतला असेल, हा नवरीच्या काकूचा असेल, आणि ज्यांनी तिला मोजलं नाही त्यांच्याच चिंध्या मी आईच्या पाठीवर लावत आहे. रागाने हात वाकडा जाई, मग थांबून पाणी पिऊन यायचं. मला वाटत होतं की मी खोट्याची शिलाई घालते आहे. सांगावं की न सांगावं यात दोन दिवस गेले आणि ब्लाउज पुरा झाला.

आईने तो उजेडात धरला. पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, सावकाश, सगळ्या पट्ट्यांवरून.

"इतके जोड?"

"चौकोन कमी पडला," मी म्हणाले.

"बरे घातलेस," ती म्हणाली आणि ब्लाउज घडी करून ठेवला.

हळदीच्या संध्याकाळी ऊन होतं तोवरच फोटो काढून घ्यायचे ठरले होते. मांडवात बायका गोळा झाल्या, पिवळ्या साड्या आणि डाळिंबी ब्लाउज. आई मांडवाच्या तोंडाशी थांबली. मामी पुढे आली, तिची नजर आईच्या बाहीवर गेली आणि तिथेच अडकली. मग ती म्हणाली, या, बसा. मी आईच्या मागे दोन पावलांवर होते. ब्लाउज पाठीवर नीट बसला होता, कुठे चुणी नव्हती.

तेवढ्यात चुलीकडून मावशी आली, हातात हळदीची परात. अंगात जुना हिरवा सुती ब्लाउज. कुणीतरी तिला हटकलं, म्हणालं, म्हातारे, तुजा कुटं हाय. ती म्हणाली, शिंप्याने वाट लावली मेल्याने. दोघीचौघी हसल्या. आई हसली नाही. तिने मावशीकडे बघितलं, मग स्वतःच्या बाहीकडे, मग मागे वळून माझ्याकडे. मी मान खाली घातली.

फोटोवाल्याने ओळ लावायला घेतली. आई ओळीत गेली नाही. ती मावशीच्या शेजारी टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला. डाळिंबी कुठेच दिसेना.

"आंटी, पल्लू हटाओ ना," फोटोवाला म्हणाला. "मॅचिंग दिखना चाहिए."

"राहू दे," आई म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

वैशाखातली संध्याकाळ होती, सगळ्यांच्या कपाळावर घाम होता. मावशी तिला कोपराने ढोसत हळूच काहीतरी बोलत होती, पदर काढ असंच बहुधा. आईने काढला नाही. त्या दोघींचा तसाच फोटो निघाला.

परतीच्या बसमध्ये मी सांगायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. "जोड बघितले तेव्हाच कळलं की तू राईला जाऊन आलीस. एका बाईच्या कापडात एवढे तुकडे पडत नाहीत. मला वाटलं, तिथल्या शिंप्याकडून मागून आणलेस, तेवढंच."

मी म्हणाले की मावशीने वचन घेतलं होतं.

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मिठागरांवर अंधार उतरत होता. मग ती म्हणाली, "तिचं ऐकलंस."

हे तिने रागाने म्हटलं की नाही, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.