पिशवीतली अळंबी

मी गिरगावात वाढलेली, नोकरी लालबागच्या शाळेत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. संध्याकाळी सभेला जाऊन कामगारांच्या मराठीसाठी मी घसा बसेपर्यंत घोषणा द्यायची, आणि सकाळी त्याच कामगारांच्या पोरींवर खेकसायची. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, याचीच आज लाज वाटते.

एकदा वर्गात ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांचा तक्ता लावला. त्यात लहान जातीचा, सशाएवढा एक कांगारू होता, पोटाच्या पिशवीतून पिल्लू डोकावत होतं. "असं आपल्याकडे कुणी काही बघितलंय?" मी विचारलं. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक गिरणी कामगाराची मुलगी उभी राहिली.

"अळंबी, बाई."

"अगं, अळंबी काय उड्या मारते? बसा, अळंबीबाई!"

सगळा वर्ग खो खो हसला, मीही हसले. मधल्या सुट्टीत जो तो तिला अळंबी म्हणत होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. ती आता घरीच राहणार, धाकट्या भावंडांना सांभाळणार, असं आठवड्यानं कळलं. तेव्हा कुठे मी तिच्या चाळीत गेले.

तिच्या आईनं मलाच हात जोडले. "बाईनू, चेडवाक माफी करा. येडा आसा ता."

मग तिनंच सांगितलं. गावी पावसाळ्यात पेंढ्याच्या कुजक्या ढिगावर अळंबी येते, ती आधी एका पिशवीत असते. पिशवी फाडून हळूहळू डोकं बाहेर काढते. ही पोर रोज सकाळी जाऊन बघायची, आज किती बाहेर आली ते. पिशवीत आहे तोवर तिला हात लावायचा नाही, असा त्यांच्या घरचा नेम.

मला मेलीला हे कधी ठाऊकच नव्हतं. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "उद्यापासून पाठवा हिला."

पोर मोरीपाशी उभी होती. "तिथे मला अळंबी म्हणतात, बाई."

"कोण म्हणतं? नाव सांग, बघतेच एकेकीकडे!"

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. नाव काही तिनं घेतलं नाही. आईला मात्र सगळं कळलं असावं. तिनं घाईघाईनं चहाचा कप पुढे केला, आणि मी तो पिऊन घरी आले.

ती पुन्हा शाळेत आली नाही.