आठ मार्काला सात पानं

शाळेत शिपाई म्हणून एकवीस वर्षं काढली, की माणसाच्या खोलीत काय काय साचतं! एका पायाची चप्पल, बिनझाकणाचा डबा, कोणाची छत्री, कोणाचा दात. हो, दात! पाचवीतल्या पोराचा पडलेला. न्यायला कोणी येत नाही, न् फेकायला माझं मन होत नाही. किस्स्यांचं तसंच. सगळ्यात जास्त साचले ते निबंधाच्या वह्यांमुळं. त्या वह्या वर्गातून स्टाफरूममध्ये न् स्टाफरूममधून वर्गात नेणारा मीच ना!

आधी माझं सांगून टाकतो. मी रघुनाथ. पारोळा तालुक्यातलं गाव. सातवीतून पळालेला. डोकं गरम, तोंड त्याच्याहून गरम. आमच्या शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस पाहिजे होता. मी अर्ज घेऊन गेलो. आमचे क्लार्क बापू म्हणाले, "रघु, दहावी पास लागतं. तू आपली घंटा वाजव."

सगळी स्टाफरूम हसली. माझं डोकं फिरलं.

"बापू, सतरा नंबरचा फॉर्म काढा!" सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. "दहावी पास होऊनच तुमच्या टेबलासमोर उभा राहीन!"

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "येडा व्हई गया का काय हाऊ मानूस! पोरगी दहावीले, बाप बी दहावीले!"

पण बोललो तं बोललो. आता माघार नाही. आणि दहावीत सगळ्यात मोठा राक्षस कोणता? गणित नाही भो. निबंध!

* * *

निबंधाचं न् माझं भांडण जुनं. माझी पूनम आठवीत होती तेव्हाचं.

पालकसभा होती. मोठ्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, फर्मान काढलं की पोरांनी 'माझे वडील' हा निबंध वाचून दाखवायचा. पहिला उठला जयेश. "माझे वडील बँकेत अधिकारी आहेत. ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात आणि बागेतील गुलाबांना पाणी घालतात."

जयेशचा बाप मागं बसला होता. सहा म्हशी घरी. तो उठून उभाच राहिला! "मी बँकमा शे? मंग म्हशीस्ना दूध कोन काढस रे?"

दुसरा पोरगा उठला. त्याचाही बाप बँकेत. तिसरीचाही. सगळ्यांनी एकाच गाईडातून उतरवलेलं! चाळीस पोरं, चाळीस बाप, न् सगळे एकाच बँकेत! गावात तं बँकच नाही!

मी दारात उभा राहून हसत होतो. तेवढ्यात पूनम उठली. तिचा बाप बँकेत तं होताच, वर सुट्टीच्या दिवशी बासरी वाजवत होता!

घरी आल्यावर तिचं गाईड उचललं न् सरळ कौलावर फेकलं. "मग मी कोण गं? ही खाकी घालून घंटा वाजवतो तो तुझा कोण?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, खरं लिहिलं तं चार मार्क भेटतात. गाईडातलं लिहिलं तं सात."

मी शिडी लावली न् गाईड खाली काढलं. काय करता!

* * *

मग देवरे मॅडम आल्या. मराठीला. धुळ्याहून बदलून. बाई अंगानं काडी, पण बोलणं पक्कं. पहिल्याच दिवशी सांगितलं, "गाईड बंद. जे पाहिलं तेच लिहायचं."

विषय दिला, 'माझा आवडता लेखक'. नववीतल्या एका पोरानं लिहिलं, 'माझे आवडते लेखक आमच्या गावचे तलाठी आप्पा. त्यांनी लिहिलेला सातबारा अख्खं गाव वाचतं. त्यांनी लिहिलेल्या एका ओळीवरून माझे दोन काका सोळा वर्षं बोलत नाहीत. एवढी ताकद दुसऱ्या कोणाच्या लेखनात मी पाहिली नाही.'

मॅडमनी दहापैकी नऊ दिले.

मी विचारलं, "एक काबर कापला?"

"शेवटी लेखकाचा फोटो चिकटवायला सांगितला होता. यानं काकांचा चिकटवला!"

* * *

पुढचा विषय 'पुस्तके माझे मित्र'. हा निबंध मला झोंबला.

सहावीतल्या एका पोरीनं लिहिलं, 'आमच्या शाळेत पुस्तकांचे मोठे कपाट आहे. पुस्तके कोणाला त्रास देऊ नयेत म्हणून मामा त्यांना कुलूप लावून ठेवतात. तपासणीला साहेब आले की पुस्तकांना बाहेर काढतात, पुसतात आणि परत कोंडतात.'

मामा म्हणजे मी! किल्ली माझ्याच कंबरेला!

असा राग आला. पोरीवर नाही, त्या किल्लीवर. तसाच गेलो न् कुलूप काढून कपाटाचं दार सताड उघडं केलं.

मोठे सर पळत आले. "रघुभाऊ, पुस्तकं चोरीला गेली तं जबाबदार कोण?"

"सर, वीस वर्षांत आपल्या गावात कोणी पुस्तक चोरलं असतं ना, तं मी त्याला नारळ दिला असता!"

* * *

शिक्षण खात्याचे एक साहेब आले त्या दिवसाची गंमत तं अजून वेगळी. साहेबांनी एका बारक्या पोराला उठवलं. "बाळ, 'माझी आदर्श शाळा' या विषयावर पाच वाक्यं सांग."

मोठ्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण गाईड बंद होऊन तीन महिने झाले होते. पोरगं आता खरंच बोलणार!

पोरगं म्हणालं, "आमच्या शाळेत नळाला पाणी आहे. संडासाला कडी आहे. आज खिचडीत शेंगदाणे आहेत. सगळे सर वर्गात आहेत. साहेब, तुम्ही रोज या."

* * *

आता माझा अभ्यास. शाळा सुटल्यावर देवरे मॅडम अर्धा तास थांबायच्या. पहिला निबंध दिला, 'शिक्षणाचे महत्त्व'.

मी घाम गाळून लिहिला. 'शिक्षण महत्त्वाचे आहे. मला माहीत आहे कारण माझ्याकडे नाही. संपला.'

मॅडमनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "रघुभाऊ, चांगलंय. पण विस्तार करा."

"मॅडम, विस्तार म्हणजे वरणात पाणी घालणं का?"

"नाही हो. पाहुणा दारात आलाय. त्याला दारातूनच सांगून घालवणार, का आत घेऊन बसवणार?"

ते माझ्या डोक्यात बसलं. फारच बसलं. ते पुढं येईलच.

* * *

सराव परीक्षेला मला आमच्याच शाळेत, पूनमच्या वर्गात, शेवटच्या बाकावर बसवलं. पोरं मागं वळून वळून बघायची. "मामा, पेन आणला का?" "मामा, कॉपी नका करू हां!"

मी म्हटलं, "गप रे! उद्या दप्तरासकट बाहेर काढीन!"

पेपर सुरू झाला. मी निबंधात घुसलो. अशी तंद्री लागली की सांगता सोय नाही. लिहितोय, लिहितोय. मधेच वाटलं, आज पेपरला वेळ जरा जास्तच दिलाय. पोरंही खूश, खाली मुंड्या घालून लिहितायत.

तेवढ्यात मोठे सर धावत वर्गात. "अरे, वेळ संपून पंचवीस मिनिटं झाली! घंटा कोण देणार?"

पूनमनं मान वर न करता सांगितलं, "सर, घंटा देणारे निबंध लिहितायत."

* * *

आणि आता बोर्डाची परीक्षा. सेंटर पारोळ्याला. बायकोनं दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं. मोटरसायकलवर पुढं बाप, मागं पोरगी, दोघांच्या गळ्यात हॉलतिकीट!

मराठीचा पेपर. मी ठरवलं, आधी निबंध मारायचा, मग बाकीचं. विषय आला, 'शाळेतला न विसरता येणारा दिवस'.

मला एकच दिवस माहीत. मी पळालो तो.

पेपर सुटल्यावर देवरे मॅडमचा फोन. "काय काय सोडवलं?"

"निबंध."

"आणि?"

"थोडं व्याकरण. एक उतारा."

"बाकी?"

"बाकीला वेळ कुठं होता? निबंध सात पानं झाला."

 बाई ओरडल्याच, "रघुभाऊ! आठ मार्काला सात पानं?"

"तुम्हीच म्हणाल्या, पाहुण्याला आत घ्या. घेतला. जेवायला घातला."

"लिहिलं तरी काय एवढं?"

सांगितलं. सातवीत मास्तरांनी माझी वही सगळ्या वर्गासमोर वाचली. चुका एकेक करून मोजल्या. पोरं हसली. मी वही हिसकावली न् खिडकीतून पळालो. पलीकडच्या काठाला मावशीचं गाव. भादव्याचे दिवस, बोरी नदीला पाणी. वही भिजू नये म्हणून डोक्यावर धरली न् उतरलो. आधी पाणी गुडघ्याला, मग कंबरेला, मग छातीला. पाय सरकायला लागले. दोन्ही हात वर, वही सोडवत नाही...

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"मग काय मॅडम! तिथंच वेळ संपला. सुपरवायझरनं पेपर ओढला. मी नदीतच!"

निकाल लागला. पूनमला अठ्ठ्याहत्तर टक्के. मी गणितात पास, इंग्रजीत काठावर पास, विज्ञानात पास. मराठीत एकतीस. चार मार्कांनी नापास! ज्या भाषेत आयुष्यभर भांडलो, त्याच भाषेत!

बापू हसले नाहीत. तेच जास्त लागलं. मी टेबलावर हात आपटला. "जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म काढा. आणि त्या पेपरची झेरॉक्स पण मागवा. ज्यानं तपासला त्यानं माझी सात पानं वाचलीच नसणार. नाशिकला बोर्डात जाऊन त्याची कॉलर धरतो!"

जुलैचा फॉर्म त्याच दिवशी भरला. झेरॉक्सची पीडीएफ नंतर आली, बापूंच्या कॉम्प्युटरवर. मी, पूनम, देवरे मॅडम, मोठे सर, सगळे खुर्चीमागं उभे. मी बाह्या सरसावूनच होतो.

पहिलं पान. लाल पेनाची एकही खूण नाही. "बघा! वाचलंच नाही!" दुसरं पान, तिसरं, चौथं. कोरंच. माझा आवाज चढत चालला.

सातवं पान उघडलं. समासात गोल केलेला आठ. आठपैकी आठ. आणि माझी शेवटची अर्धी ओळ जिथं तुटली होती, तिच्या खाली, बारीक अक्षरात, लाल पेनानं लिहिलेलं :

'पलीकडे पोचलात का?'