घंटेला मागितलेलं मागणं

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. हसताना ठसका लागला तर माझ्या नावानं बोंबलू नका. जन्मभर मी लोकांना टोप्या घातल्या. पण एक टोपी अशी फिरली की माझ्याच डोक्यावर येऊन बसली. अजून निघंना!

आमचं गाव मानवतपासून जवळच. गावाला नाव आहे, पण घेतो कोण? एसटीचा कंडक्टरसुद्धा "घंटावाले उतरा" म्हणायचा. फाट्यावर दोन दगडी खांबांत ही थोरली घंटा टांगलेली. निजामाच्या काळात कुण्या पाद्रीसाहेबानं साता समुद्रापलीकडनं मागवली, शहरातल्या मोठ्या चर्चसाठी. वाटेत गाडी आमच्या काळ्या रानात रुतली ती रुतलीच. बैल थकले, पाद्री थकला, घंटा आमची झाली. खरंखोटं तो पाद्री जाणे.

लांबलांबून लोक ती बघायला यायचे. वरच्या परक्या अक्षरांवरनं बोट फिरवायचे. आणि मी तिथंच पडीक! चौथीत शाळा सुटलेली, पण घंटेचा इतिहास मलाच विचारायचे. मी दर पाहुण्याला नवा सांगायचो.

गावात मात्र एकच रीत. घंटा वाजवायची ती आग लागल्यावरच. उन्हाळ्यात कडब्याच्या गंजी पेटतात ना? ठोका ऐकला की घरातलं असेल नसेल तेवढं पाणी घेऊन पळायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मला बघायला येलदरीहून मुलीचा बाप यायचा होता. याआधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, माझ्या कीर्तीमुळंच! आई सकाळपासून मागं लागली होती, "आजच्या दिवस गुणानं ऱ्हा. हे हातचं गेलं तर तुला कोनी पोरगी देत न्हाई."

पाहुणा दुपारच्या गाडीनं येणार, रुमाल बांधलेला शेतकरी माणूस आहे, असं मध्यस्थानं सांगितलेलं. मी तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला पायजमा चढवला. बसलो तर घडी मोडते, उभं राहिलो तर पाय वळवळतात. आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत. शेवटी निघालो फाट्याकडं. पाय तिकडंच वळायचे, मी काय करू?

तिथं एक माणूस मालट्रकमधनं उतरला. बुशशर्ट, पँट, तोंडात विडी. घंटेकडं टकामका बघत राहिला. म्हटलं, आलं गिऱ्हाईक!

"पावणं, नुसतं बघून काय उपेग? वाजवा की. तीन ठोके देऊन मनातलं मागितलं की मिळतंय. पार कलेक्टरीनबाई मागून गेल्यात."

तो हसला. "आन् गाववाले काई म्हननार न्हाईत?"

"उलट पळत येतेत दर्शनाला."

एवढं एकच खरं बोललो बघा!

त्यानं डोळे मिटले, पुटपुटला आणि दोर ओढला. ठोके असे घुमले की वडावरचे कावळे पेडगावला जाऊन बसले असतील. मी सटकणार, तेवढ्यात सगळ्या गल्ल्यांतनं माणसं फुटली. घागरी, बादल्या, तपेली! आणि सगळ्यांत पुढं कोण? माझी आई. तिला खांबाआड विडीचा धूर दिसला. तिनं विचारपूस केली नाही. भरली घागर सरळ पाहुण्याच्या डोक्यावर! मागच्यांनी तिचं बघून आपापली भांडी रिकामी केली.

विडी विझली. मग आईनं विचारलं, "पेटलं कुटं?"

पाहुण्यानं तोंड पुसलं. "काई पेटलं न्हाई, मावशी. ह्या बाबानं सांगितलं म्हनून वाजवली. मी येलदरीचा. पोरगा बघायला आलाव. म्हनलं, कोनी वळखू नये म्हनून रुमाल सोडून पँट घालावी, जरा आधी येऊन गावात चौकशी करावी."

आईच्या हातातली घागर खाली पडली.

"कोनता पोरगा?" त्यानं विचारलं.

आमच्या गावात कधी एकी नव्हती. त्या दिवशी झाली. झाडून सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बरं," एवढंच म्हणाला. आमच्या बापाचं धोतर नेसून, चहा पिऊन निघून गेला.

निरोप येईपर्यंत माझं बूड कुठं टेकलं नाही. आईनं टेकू दिलंही नाही. त्या उन्हाळ्यात पाणी म्हणजे तूप, आणि ते माझ्यापायी सांडलेलं. सगळ्या गल्लीचं पाणी मला भरायला लावलं. मग निरोप आला, पसंत आहे! मी छाती काढून हिंडलो. पाहुण्याला माझी हुशारी आवडली, दुसरं काय असणार?

लग्नाच्या पंगतीत सासऱ्याला हळूच विचारलं, "मामा, त्या दिवशी घंटेला मागितलं काय हो?"

"पोरगी माझी लय शहानी हाय, जावईबापू. म्हनलं, नवरा तिच्याहून शहाना नको, तिचं ऐकनारा मिळू दे." त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. "आन् घागर रिकामी व्हायच्या आत घंटा पावली की!"

ऐकलं का? आतनं हाक आली. प्या लवकर, कपबशा मलाच विसळायच्यात.