आयेला सांगायचं वाक्य

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंबापोळीच्या पाकिटांना लेबलं लावत होते. फोन तिच्या भावाचा, सुहासचा. "मंगलताई, शैला गेली," एवढंच म्हणाला. मी हातातलं पाकीट पूर्ण केलं, कागद ओढला आणि यादी करायला घेतली. कुणाला कळवायचं, गाडी कोण आणेल, मालगुंडजवळच्या वाडीत तिच्या आईपाशी कोण बसेल. दुःखातही मला यादीच सुचते, त्याला माझा इलाज नाही. त्या यादीत नसलेलं एक माणूस मात्र दोन-तीन दिवसांतच हजर झालं. अस्थी सावडून आम्ही नुकते परतलो होतो. सुहासचा फोन वाजला. गोड आवाजाची मुलगी म्हणाली, शैला मयेकर मॅडमशी आरोग्यविम्याबद्दल बोलायचं आहे. "ती वारली," सुहास म्हणाला. मुलगी म्हणाली, "ओके सर. मग तुमच्यासाठी एखादा प्लॅन बघूया का?"

सुहासने फोन अंगणात भिरकावला. मी तो उचलून आणला, माती पुसली, त्याच्या हातात दिला. तेव्हापासून माझ्या पोटात जो राग येऊन बसला आहे तो अजून उठलेला नाही. हा लेख मी त्याच रागात लिहिते आहे. हळव्या आठवणींची अपेक्षा ठेवून कुणी वाचायला बसलं असेल तर आधीच सांगितलेलं बरं.

शैला टेलिफोन खात्यात होती. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि रत्नागिरीत वाचनालयाच्या माडीवरची एक खोली मिळवून दर शनिवारी ग्राहक मार्गदर्शन सुरू केलं. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणाला सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्याला उलट विचारायची, "तुम्ही का केलंत?" सुरुवातीला लोक बिघडलेल्या मिक्सरच्या आणि कमी वजनाच्या सिलिंडरच्या तक्रारी आणत. तिनेही त्या निस्तरल्या. पण तिचं खरं लक्ष दुसरीकडे होतं. माणसाची माहिती हीसुद्धा त्याची वस्तू आहे आणि ती त्याला न विचारता उचलली तर ती चोरीच, हे ती अशा दिवसांत सांगत होती, जेव्हा आम्ही सगळे दुकानादुकानांत आपले नंबर प्रसादासारखे वाटत सुटलो होतो. माझ्या आंबापोळी-कोकमाच्या घरगुती धंद्यातही गिऱ्हाइकांच्या वाढदिवसांची एक झकास नोंद होती. ती बघून शैला म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला तू मला कोकम आगळ विकणार होय गो? त्यापेक्षा जेवायला बोलाव की." नोंद फाडली. जेवायला बोलावलं.

बाजारपेठेतल्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो होतो, ते आठवतं. तिच्या आईसाठी सुती पातळं घेतली. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर?" शैला म्हणाली, "तुझा दे, मग मी माझा देते." मुलगी हसली. "मी कशाला देऊ, मॅडम?" "तेच तर," शैला म्हणाली. मुलीवर तिने कधी आवाज चढवला नाही, असल्या मुलींवर ती कधीच चढवत नसे. मालक आतून आले. "ताई, सगळे देतात." "सगळे देतात म्हणून तुम्ही मागता, की तुम्ही मागता म्हणून सगळे देतात?" मागे रांग वाढत होती. कुणीतरी पुटपुटलं, "बाईंकडे लपवण्यासारखं काय आहे एवढं?" शैला वळली आणि म्हणाली, "पातळं आहेत. दाखवू?" नंबराशिवाय बिल झालं. त्यानंतर त्या दुकानात आम्ही पाऊल ठेवलं की मालक स्वतःच सांगायचे, "यांना विचारू नका रे."

'लपवण्यासारखं काय आहे' हा प्रश्न तिने आयुष्यभर ऐकला. मीही एकदा विचारला होता, निराळ्या शब्दांत. म्हटलं, "अगं, आपल्याकडे कुणाच्या घरी सुरमई तळली ते चौथ्या घराला वासावरून कळतं. कोण कुठल्या एसटीने उतरलं ते ती व्यक्ती घरी पोचायच्या आत आळीभर होतं. इथे कसली आलीय खासगी माहिती?" तिने दिलेलं उत्तर मी तेव्हापासून शेकडो लोकांना ऐकवलं असेल. "माझ्या शेजारणीला माझ्याबद्दल जेवढं माहीत आहे ना, तेवढंच मला तिच्याबद्दल माहीत आहे. ती माझं काही बोलली तर उद्या विहिरीवर मला तोंड दाखवायचंय तिला. या लोकांबद्दल मला काय माहीत आहे? ते कुठल्या विहिरीवर येतात?"

एकदा मांडवीच्या किनाऱ्यावर आम्ही शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आत कुणा बाईच्या आधार कार्डाची बिघडलेली छायाप्रत, फोटोसकट. मी म्हणाले, शी. शैलाने दाणे माझ्या ओंजळीत ओतले, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दाणेवाल्याकडे गेली. "दादा, हा कागद कुठचा?" "रद्दीवाला देतो ताई, मी काय वाचतो होय?" मग रद्दीवाला, आणि मग त्याला गठ्ठे विकणारा झेरॉक्सवाला, अशी ती मागे मागे चालत गेली. झेरॉक्सवाल्याशी भांडेल असं मला वाटलं होतं. तिने त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या बायकोच्या कार्डाची प्रत कुठे काढलीस?" तो म्हणाला, इथेच. "मग त्यातली बिघडलेली प्रत आता कुठे असेल?" त्या दिवसापासून तो बिघडलेल्या प्रती फाडून टाकायला लागला. वर्तमानपत्रात यातलं काही आलं नाही. तिला ते नकोही होतं.

आता आजाराकडे येते. इथे मला रोग नावानिशी लिहिता येतो तो शैलाच्या परवानगीने. "लिहिशील तर कॅन्सर असं स्पष्ट लिही, मी सांगितलं म्हणून लिही," असं ती म्हणाली होती. तपासणीच्या दिवशी मी बरोबर होते. शहरातली खासगी लॅब, थंडगार हवा, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. काउंटरवर तिने स्वतःचा नंबर दिला, कारण तिथे द्यावाच लागतो. मग दुसरा नंबर मागितला, घरच्या माणसाचा. मी म्हटलं, माझा घ्या. "मॅडम, फॅमिली मेंबरचाच लागतो. त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही." मी शैलाच्या कानात म्हणाले, खोटा दे. ती म्हणाली, "खोटा कशाला? उद्या खरंच काही झालं तर कुणाला कळवतील?" सुहास मुंबईला, त्याला कळलं की तासाभरात आईला कळणार. तिने विचार केला आणि आईचा नंबर दिला. आईचा फोन साधा, बटणांचा. मेसेज तिला वाचता येत नाहीत, म्हणून तोच सगळ्यांत सुरक्षित. हिशेब बरोबर होता. फक्त समोरचे लोक कोण आहेत हे त्यात धरलेलं नव्हतं.

रिपोर्ट आला. शैलाने ठरवलं, गौरी-गणपती होऊ देत. आयेचं वय झालंय, सणात तिच्या घशाखाली घास उतरायला हवा. मग एक दिवस पुन्हा गावी जायचं, मागीलदारी तिच्याजवळ बसायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कोणते शब्द वापरायचे ते ती माझ्यासमोर घोकत होती. "गाठ आहे" म्हणू, की थेट नाव घेऊ? आधी "बरं होण्यासारखं आहे" म्हणू, की ते शेवटी? शनिवारी लोकांना तक्रारअर्ज सांगणारी ही बाई एका वाक्यावर अडून बसली होती. मला आधी तिचं हसू आलं, मग नाही आलं.

सणाला ती गावी जाऊन आली, आणि विसर्जनानंतर सांगायला म्हणून पुन्हा गेली. आई कोलंबी सोलत होती. शैला शेजारी बसली आणि म्हणाली, "आये, एक सांगायचंय." आईने मान वर केली नाही. "म्हायत हाय मला, बाय."

फोन सणाच्या आधीच येऊन गेला होता. माणूस हिंदीत बोलत होता, मध्येच मोडकं मराठी. शैला मॅडमच्या घरून बोलताय ना, केमोनंतर केस जातात, त्यासाठी आमच्याकडे केसांचे टोप आहेत, पहिल्या महिन्यात सवलत. केस जातात म्हणजे काय, ते आईला कळलं. वाडीतल्या एका सुनेचे केस तिने असेच जाताना पाहिले होते. "माज्या पोरीचं दुखणं मला परका माणूस सांगतो," ती शैलाला म्हणाली, "आनि वर विचारतो, लांब हवेत का आखूड." तरीही सगळा सण ती गप्प राहिली. लेक आपणहून सांगेल म्हणून वाट बघत राहिली. तिने लेकीला मोदक वाढले, आणि आई जेवावी म्हणून लेक ते हसत खात होती. एकाच घरात दोघी एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवत होत्या, आणि ज्याने हे केलं तो कुठल्यातरी शहरात पुढचा नंबर फिरवत होता.

परत आल्यावर शैला माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "मंगल, आजार देवाने दिला, की नशिबाने, ते जाऊ दे. पण आयेला सांगायचं वाक्य माझं होतं."

आम्ही लॅबमध्ये गेलो. व्यवस्थापक सभ्य होते, चहा मागवला. "आमच्याकडून काही गेलं नाही मॅडम, ते सिस्टिममधून गेलं असेल." सिस्टिम कुणाची? दुसऱ्या कंपनीची. त्या कंपनीने लिहिलं, आम्ही माहिती फक्त आमच्या भागीदारांना देतो, त्याला तुम्ही संमती दिली आहे. कुठे दिली? लॅबमध्ये सही केलेल्या अर्जाचं मागचं पान मी काढलं, मुंगीएवढी अक्षरं, भिंग घेऊन वाचली. भागीदार कोण, ते सांगता येत नाही, गोपनीय आहे. हे वाचून शैला मोठ्याने हसली होती. त्यांची तेवढी गोपनीय. शेवटी लॅबने दिलगिरी म्हणून एक कूपन पाठवलं, संपूर्ण शरीर तपासणीवर सवलत. केमो चालू असलेल्या बाईला... ते कूपन मी ठेवलेलं नाही. चुलीत घातलं.

वरपर्यंत तक्रार केली. माझी कामं मी नीट करते. प्रती, पोचपावत्या, तारखा, सगळं लावून दिलं. शैला उपचारांच्या मध्ये टोपी घालून शनिवारी खोलीवर यायची. कुणी केसांकडे बघितलं की म्हणायची, "आखूड पसंत केले." तक्रार मात्र हलली नाही, आणि शैला गेली. गेल्यावर काही दिवसांनी उत्तर आलं. तक्रारदाराशी दूरध्वनीवर संपर्क होऊ न शकल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना तिला विमा विकायचा होता तेव्हा तिच्या भावापर्यंत पोचता आलं, कारण शेवटी इस्पितळात भरती करताना त्याने नंबर दिला होता. तिच्या आईला टोप विकायचा होता तेव्हा खाडीपलीकडच्या वाडीतला बटणांचा फोन सापडला. फक्त उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा संपर्क होऊ शकला नाही. माणसाची माहिती जपायचा कायदा झाला आहे म्हणतात. झाला असेल. आमच्यापर्यंत त्याचाही संपर्क झालेला नाही.

मी मावशींना, म्हणजे शैलाच्या आईला, हे सांगायला गेले. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे गो, माणूसच ऱ्हायलं नाय. त्यांनी विचारलं, "फोन कुनाचा वाजला होता?" म्हटलं, तुमचा. "मग तक्रार माजी. ती मेली असंल. मी हाय."

गेल्या शनिवारी त्या सकाळच्या एसटीने एकट्या आल्या, वाचनालयाचा जिना कठड्याला धरून चढल्या. खोलीत आता मी बसते. शैलाच्या खुर्चीत बसायला मन धजत नाही, मी बाजूचं स्टूल घेते. पण तिची एक सवय त्या टेबलाला चिकटून राहिली आहे. समोर माणूस आला की ती आधी आपला फोन खणात टाकायची, पेन टेबलावर आडवं ठेवायची आणि म्हणायची, "जेवढं सांगायचंय तेवढंच सांगा. बाकीचं तुमचं." मी तसंच केलं, तेच शब्द म्हटले. मावशी बोलायला लागल्या. फोन कधी आला, कोण बोललं, काय बोललं, मी लिहीत गेले. मग त्या दिवसांवर आल्या, फोन आल्यापासून शैला सांगायला येईपर्यंतच्या. घरात गणपती असताना त्या रोज काय करत होत्या, ते त्यांनी सांगितलं. सुहासलाही त्यांनी ते सांगितलेलं नाही.

सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ह्ये लिवू नको हां. ह्ये माजं हाय."

मी लिहायचं थांबवलं. अर्ज तेवढ्याशिवाय पूर्ण झाला, त्यांनी सही केली, सोमवारी तो रवाना झाला. हा लेखही तेवढ्याशिवायच संपतो.