कुंकवाखालचा सांधा

खंडेनवमीला आमच्या वेल्ह्याच्या घरी विळे, कोयते, नांगराचा फाळ घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. त्या सकाळी अंघोळ करून बाहेर आले, पाहते तर काय, कोयत्याशेजारी माझा नमुना! डबीतून काढलेला, वर हळदीचं बोट, कुंकू, शिवाय झेंडूची पाकळी.

नमुना म्हणजे नखाएवढा, काचेसारखा स्फटिक. त्यावर दुसऱ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर मी पुण्याच्या प्रयोगशाळेत चढवला होता. दोन्हींतून एरवी वीज वाहत नाही, पण ते जिथे चिकटतात त्या सांध्यावर वाहते. का, तर तिथे अणूंच्या ओळी काटेकोर बसतात, असं मी प्रबंधात ठासून लिहिलं होतं. सुट्टीनंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पुरावा मिळायचा होता. असा नमुना मला पुन्हा साधलाच नव्हता, म्हणून तर जिवापाड जपत सोबत आणलेला.

"आगं, तुजं बी हत्यारच न्हवं का ते?" आई म्हणाली. "समद्यांना लावलं, तुज्यालाच कसं सोडू?"

मी झडप घालून नमुना उचलला. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचाच चेहरा उतरला.

कुंकू धुऊन निघालं. सांधा थराच्या खाली, तिथवर ते पोचणारही नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर नमुना उभा कापून सूक्ष्मदर्शकात ठेवला. पडद्यावर अणूंचे ठिपके उमटले आणि मी हादरलेच. काटेकोर ओळी कुठल्या? खालचे अणू वर घुसलेले, वरचे खाली उतरलेले, नुसती सरमिसळ. थर चढतानाच हे झालं होतं. माझ्या प्रबंधाचा पायाच गेला.

संध्याकाळी घरी फोन लावला. वडिलांनी उचलला.

"तुज्या आईनं दसऱ्यापासनं भात सोडलाय. म्हणती, माज्या हातनं पोरीचं वाटोळं झालं. तिचं काम नीट हुईस्तवर खायाची न्हाई."

नवा इंद्रायणी तांदूळ नुकताच झोडून घरात आलेला. सगळ्यांच्या ताटात तो वाढायचा आणि आपण नाचणीची भाकरी खायची! मला रडूच कोसळलं.

आई फोनवर आली. "तुज्या कुंकवानं काय बी झालं न्हाई," मी म्हटलं. "चूक आदीपासनंच आत हुती. माज्या हातची."

"खरं?"

"तुजी शप्पत. आता भात खा."

"पर काम झालं का तुजं?"

"न्हाई."

"मंग भात ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू कर पुन्यांदा."