झेब्लनची दहावी धाव

"चला, अजून उजेड आहे."

झेब्लनच्या तोंडी हे वाक्य उठता-बसता असायचं. ऊस तोडून खांदे भरून आले तरी, प्रार्थनेहून परतताना, कुणाच्या लग्नात ताट अर्धं असतानासुद्धा. त्याच्या बायकोला, नोमासोंतोला, ते ऐकलं की जेवण गोड लागत नसे. तो तिला माहेरच्या कुळावरून माशेझी म्हणे, ती त्याला त्याच्या कुळावरून मापोलोबा. तो स्टुलावर बसला तरी त्याची टाच कधी जमिनीला टेकत नसे.

"कुठं जायचंय, मापोलोबा?"

"कुठं नाही."

"मग उजेडाचं काय लोणचं घालायचंय?"

ते दिवस वेगळेच होते. गोऱ्यांच्या वर्णभेदी राजवटीमुळं आमच्या देशाशी तेव्हा कोणी खेळत नव्हतं. बाहेरचे संघ येत नसत, आमचे गेले तर विमानतळावरूनच परत पाठवत. म्हणून सगळ्या देशाचा जीव वर्षातून एकदा होणाऱ्या त्या लांब धावेत गोळा व्हायचा. डर्बनच्या समुद्रापासून पीटरमॅरित्झबर्गच्या डोंगरांपर्यंत, अंधारात सुरू होऊन दिवस मावळेपर्यंत. एरवी झेब्लनला मागच्या दारानं बोलावणारे गोरे मळेवाले त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याच्या हातात सोललेली संत्री देत.

"जगानं दार लावून घेतलंय," नोमासोंतो म्हणायची, "आणि तू दोन गावांच्या मध्ये पळतोस. कोण वाट बघतंय तुझी?"

"दार मालकांच्या तोंडावर लावलंय. मला कुणी आत बोलावलं होतं?"

तरुणपणी तो आकड्याशिवाय पळाला. काळ्या माणसाच्या छातीला तेव्हा आकडा मिळत नसे. झुडपांतून रस्त्यावर उतरायचं, गर्दीत मिसळायचं आणि शेवटी, धाव संपते त्या रेषेच्या अलीकडून बाजूला व्हायचं. त्या धावा कुणी धरल्या नाहीत. पुढं नियम सैल झाला, आकडा मिळाला आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. दहा वेळा वेळेत पोचलेल्याचा आकडा जन्मभर त्याचाच राहतो, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. झेब्लनच्या नऊ झाल्या होत्या. गुडघे आता कुरकुरत होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं.

पेरूमाल भाजीवाल्याची गाडी दरवर्षी त्याच्या मागंपुढं असे. नोमासोंतो कोबीच्या पोत्यांवर बसून मीठ घातलेलं पाणी आणि मक्याचे मुटके सांभाळायची. धावणाऱ्याला धीर द्यायला गाडीतल्या माणसानं खोटं बोलायचं हा तिथला रिवाजच होता. पेरूमाल त्यात वस्ताद. चढ संपत आलाय, वेळ भरपूर आहे, पुढं सगळा उतारच. त्यामुळं झेब्लन त्याच्या घड्याळावर विश्वास ठेवत नसे. तो उजेड बघायचा. मॅरित्झबर्गच्या वाटेवर संध्याकाळचा सूर्य समोर येतो, आणि टेकडीपासून तो किती वर आहे त्यावरून कुठं पळायचं, कुठं चालायचं हे तो ठरवायचा.

यंदाही सगळं ठीक चाललं होतं. शेवटच्या मोठ्या चढाच्या अलीकडं कुठल्यातरी मळ्यात तोडणीआधीचा ऊस पेटवला होता. वळण घेतलं आणि समोर धूर. सूर्य गेला. रस्त्यावर तांबूस अंधार पसरला, काळी राख दहिवरासारखी खाली येऊ लागली.

झेब्लन दचकला. "उजेड गेला."

"धूर आहे, भाऊ," पेरूमालनं खिडकीतून मनगट दाखवलं. "वेळ आहे. चाल. हा चढ चालायचाच असतो."

"तू दरवर्षी हेच म्हणतोस."

"यंदा खरं बोलतोय रे बाबा."

"हेही दरवर्षी म्हणतोस."

झेब्लननं नोमासोंतोकडं बघितलं. "माशेझी, तू सांग."

ती कधी खोटं बोलली नव्हती. तिनं पेरूमालचं मनगट ओढून नीट बघितलं. "वेळ आहे, मापोलोबा. चाल."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "तूही शिकलीस."

आणि तो पळाला. एवढ्या वर्षांत जो चढ त्यानं चालतच पार केला होता, त्यावर आग लागल्यासारखा पळाला. ज्यांना त्यानं मागं टाकलं, ते त्याच्याकडं बघत राहिले. नोमासोंतो पोत्यावर उभी राहिली, ओरडली, हाक धुरात विरली.

माथ्यावर धूर संपला. सूर्य टेकडीच्या वर होता, चांगला हातभर. झेब्लन तिथं कडेच्या दगडावर बसला होता. मांड्यांत गोळे आलेले, पाय लाकूड झालेले. मघाचे सगळे त्याच्या समोरून चालत पुढं गेले.

"खरं बोलत होतीस," तो म्हणाला.

तिनं मीठपाणी दिलं, पाय चोळले. गोळे सुटायला पुष्कळ वेळ गेला. मग झेब्लन उठला.

मैदानात रेषेवर पांढऱ्या कोटातला एक माणूस येणाऱ्यांकडं पाठ करून उभा असतो, हातात पिस्तूल. वेळ संपली की तो बार काढतो, त्यानंतर पोचलेल्याची धाव धरत नाहीत. समोर कोण येतंय हे दिसलं तर बोट अडखळेल, म्हणून पाठ. नोमासोंतो कुंपणाला धरून उभी होती. झेब्लन गवतावर आला. त्याला रेषेचा चुना दिसत होता. त्या माणसाची पाठही दिसत होती. तो धावला, म्हणजे त्याला धावणं म्हणायचं तर.

पिस्तूल वाजलं.

झेब्लन चुन्याच्या अलीकडं थांबला. जुन्या सवयीनं बाजूला झाला, छातीवरचा आकडा काढून घडी करून खिशात ठेवला.

फाटकाबाहेर पेरूमालनं गाडीचं दार उघडलं. "बस, भाऊ. घरी सोडतो."

"बसतो कशाला?" झेब्लननं आकाशाकडं बघितलं. "चला, अजून उजेड आहे."

तो लंगडत रस्त्याला लागला, गाडीच्या पुढं. नोमासोंतो बघत राहिली. पेरूमालनं दिवे न लावता गाडी हळूच त्याच्या मागं सोडली. आणि मैदानात तो पांढऱ्या कोटातला माणूस आता वळला होता. पिस्तूल खाली धरून, कुंपणाच्या जाळीतून, तोही बघत होता.